बदकाचे टाके निघेपर्यंत तळघरातील हाक थांबविणेबाबत

दिनांक : १८ फेब्रुवारी २००९

प्रति,
मा. सचिव,
शिलातीर्थ सहकारी गृहरचना संस्था मर्यादित,
हिंजवडी, पुणे.

विषय : आजारी बदकास रोज दिवेलागणीच्या सुमारास तळघरातील पार्किंगमधून मारली जाणारी हाक, टाके निघेपर्यंत थांबविणेबाबत.

संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जावर आपण दिलेला शेरा.

महोदय,

आपण सात वर्षांचे आहात, अशी क्षणभर कल्पना करावी. अर्जात असे लिहीत नाहीत, हे मी जाणते. परंतु आयुष्यभर पहिलीच्या मुलांना शिकविल्यामुळे मला दुसऱ्या रीतीने सांगता येत नाही. तर आपण स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बसला आहात. मांडीवर एक बदक आहे. त्याच्या पोटाला टाके आहेत आणि ते त्याने चोचीने उसवू नयेत म्हणून त्याला आपलेच तान्हेपणीचे झबले घातले आहे. कितीतरी वेळ चोच मिटून बसलेल्या त्या बदकाने आत्ता कुठे आपल्या बोटावरचा मऊ भात उचलला आहे. आपण श्वासही हळू घेत आहात. इतक्यात खालून, तळघरातून, एका म्हाताऱ्या बाईची हाक येते : "ये ये ये, तीऽ ती ती!" बदक भात टाकते, मान ताणते आणि उठून दाराकडे चालू लागते.

एवढी कल्पना करून झाली असल्यास पुढील मजकूर वाचावा.

सदर बदक माझी नात सुरुची हिचे असून त्याचे नाव होडी आहे. ते आम्हांस गोदाबाई यांनी दिले. आपण संस्थेत नवीन आहात म्हणून सांगते, आपली इमारत जेथे उभी आहे तेथे पूर्वी दगडाची खाण होती. खाणीत पाणी साठलेले असे आणि त्यात गोदाबाईंची बदके असत. पुढे खाणीचे पाणी उपसून तिथेच आपले पार्किंग बांधले गेले. बाकीची बदके गेली. एकटी होडी राहिली, ती त्यांनी आजारपणात सुरुचीच्या हाती दिली. देताना म्हणाल्या, "पोरी, दिवं लागताना हाक देत जा हिला. न्हाई दिली तर पान्यातच ऱ्हाती, मग कुत्री सोडत न्हाईत." आमच्या घरी पाणी म्हणजे प्लॅस्टिकचा टब. हाक देण्याची वेळ आली नाही.

गेल्या महिन्यात होडीने इमारतीच्या मागे पडलेल्या राड्यारोड्यातील एक बोल्ट गिळला. पशुवैद्य डॉ. नम्रता यांनी पोट उघडून तो काढला. त्याच आठवड्यात गोदाबाई वारल्या. शस्त्रक्रियेची बातमी त्यांना कळलीच नाही. होडी घरी आली त्या संध्याकाळपासून हाक सुरू झाली.

प्रत्येक आवाजाला काही ना काही कारण असते, असे मी मुलांना शिकवीत आले. म्हणून मी स्वतः कारण शोधले. पाण्याचा पंप त्या वेळी बंद असतो. कंपनीच्या बसचे चालक खाली येत नाहीत. मुलांपैकी कोणी नक्कल करीत असेल म्हणून सर्वांना आमच्या घरी गोष्ट ऐकायला बोलावले. गोष्ट चालू असताना हाक आली आणि सगळी मुले माझ्याकडे बघू लागली. नंतर मी आपल्याकडे अर्ज केला. त्यावर आपला शेरा आला : "पार्किंगमध्ये हाक मारण्यास उपविधींत मनाई नाही. बदक पाळण्यास आहे का, हे तपासत आहोत." आपली तत्परता वाखाणण्यासारखी आहे. तपास चालू असतानाच होडीचा एक टाका उसवला.

आपले पहारेकरी सोनबा हे याच गावचे. मी त्यांना हाक ऐकविली. ते टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, "बाई, ही गोदामावशीच. खाणीत पानी हुतं तवा रोज अशीच बोलवायची." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुढच्या फाटकाची पाळी मागून घेतली. मी त्यांना दोष देत नाही. मीही जिन्याच्या शेवटच्या पायरीखाली उतरलेले नाही.

डॉ. नम्रता यांनी स्पष्ट सांगितले आहे की, त्या जागी कातडी विरली आहे. पुन्हा उसवले तर शिवायला काही उरणार नाही. आम्ही दारे लावतो, रेडिओ मोठा करतो, खोक्यावर चादर टाकतो. तरीही हाक आली की होडी खोक्याला छाती घासून बाहेर पडू पाहते. सुरुची तिला दोन्ही हातांनी धरून बसते आणि होडी तिच्याकडे अनोळखी नजरेने पाहते. माझा मुलगा आणि सून कामावरून परत येतात तेव्हा हे सर्व आटोपलेले असते. सूनबाई म्हणतात, "आई, लिफ्टचा आवाज असेल हो." लिफ्ट बदकाला 'ये ये' म्हणत नाही; परंतु मी वाद घातला नाही.

नारळ फोडावा, कुणा जाणत्याला बोलवावे, असे काही सभासद सुचवितात. माझी त्यास हरकत आहे. गोदाबाई काही वाईट करीत नाहीत. अंधार पडण्यापूर्वी आपले बदक घरी बोलावीत आहेत. बदक आजारी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

तरी माझी विनंती अशी की, "होडीची शस्त्रक्रिया झाली असून टाके निघेपर्यंत तिला हाक मारू नये" अशी सूचना तळघरात, जेथे खाणीचा उघडा कातळ अजून पाझरतो, तेथे लावावी. पार्किंगमधील सूचना आपल्या सहीशिवाय ग्राह्य धरली जात नाही, म्हणूनच आपणांस त्रास देत आहे. गोदाबाईंना वाचता येत नव्हते. त्यामुळे सूचना लावणाऱ्याने ती एकदा मोठ्याने वाचून दाखवावी. आवाज चढवू नये. त्यांना 'अहो' म्हणावे.

आपला निर्णय येत्या दिवेलागणीपूर्वी व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
पद्मजा घैसास
सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका

सोबत : १) डॉ. नम्रता यांची चिठ्ठी. २) पोटातून निघालेला बोल्ट. संस्थेच्या मालकीचा असावा, म्हणून परत करीत आहे.

ता. क. : अर्ज मोठ्याने वाचून पाहण्याची मला सवय आहे. सुरुचीने तो ऐकला असावा. पाकिटाला लावायला डिंक घेऊन वळले तर ती घरात नव्हती. मी जिन्याने धावले; शेवटच्या पायरीवर पाय थांबले. ती कातळासमोर एकटी उभी होती. सांगत होती, "गोदाआजी, होडीच्या पोटाला टाके घातलेत. तिला चालायचं नाहीये. अहो, तुम्ही तिला उगाच बोलावता आणि तिला दुखतं." मग ती थोडा वेळ ऐकत राहिली. मला काही ऐकू आले नाही. "बरं," असे म्हणून ती लिफ्टमध्ये शिरली. दार लगेच लावले नाही. भिंतीला अंग चोरून सरकली, शेजारी एका माणसापुरती जागा केली, आणि मग आमच्या मजल्याचे बटण दाबले.