पाटावरचा मोबाईल

मूर्तिजापूर
सोम. ४/१०/२१
आलं : दोनशे पानी वह्या सहा, २४० रु. पेन चार, २०. कंपास, ७५. दप्तर जुनंच, चेन बसवली, ३०. माउलीची कृपा.
दीड वर्षानं शाळा उघडली. गौरी आठवीत. सातवी पूर्ण मोबाईलवर झाली, दिगंबरनं (माझा भाऊ, अकोटला) दिलेल्या. मी मॅट्रिक, मला जे शिकवता आलं नसतं ते त्या मोबाईलनं शिकवलं. खोटं कशाला बोलू.

शनि. ९/१०
रडत आली. मराठीचा पेपर अर्धा कोरा. "आई, मले सगळं येत होतं वं, हातच नाई चालला!" मॅडम म्हणाल्या, तोंडी विचारलं की सगळ्यात पुढे, लिहायची सवयच मोडली. दिवाळीआधी पुन्हा घेतील. ह्यांचं एकच, "मोबाईल कुलपात टाक." मन होईना.

शुक्र. १५/१०, दसरा
पाटीपूजन. पाटी, वह्या आणि मोबाईल. वगळणं बरं दिसेना. हळद-कुंकू, अक्षता, पळीभर पाणी. दुपारी चार्जिंगला लावला तर ढिम्म. भोकात कुंकवाचा चिखल!
गौरी आधी किंचाळली, मग हसत लोळली. "गुरुजीले आंघोळ घातली वं तू!"
मला घास गेला नाही.

सोम. १८/१०
मोबाईल दिगंबरकडे पाठवावा, त्याचं दुरुस्तीचं दुकानच आहे. म्हटलं, आधी पत्र लिहून विचार.
"पत्र? काहून? बाबाच्या फोनवरून लाव ना!"
"पेपर आहे तुझा. हात बसंल."
फुगली. पण बसली. अर्धा तास, पाच ओळी, बोटं चोळत. पत्त्याच्या जागेतही लिहून टाकलं. पोरीनं पोस्टकार्ड कधी पाहिलंच नव्हतं. कार्ड वाया. मीही हसले.

गुरु. २१/१०
आज दुसरं कार्ड. अकरा ओळी. शेवटच्या ओळी उतरून ठेवते :
"मामा, आईनं पूजा केली म्हणून मोबाईल बंद आहे. तिले रागावू नका. घाई नाही असं आई म्हणते, मी नाही म्हणत. पेपरमध्ये मॅडमले माझं अक्षर वाचता आलं पाहिजे. तुमाले हे सगळं वाचता आलं का? खरं सांगा. फोन करू नका, उलट टपाली कळवा."