पूर्ण फाईल

इंदोरा, नागपूर
१२ जानेवारी २०२५

आयु. मेघा हिला,
जयभीम वि. वि.

तुझा नंबर मी ब्लॉक केलाय, म्हणून हा कागद खराब करते आहे. प्रशिकला सांग, बहिणीचा राग भावावर नाही. जिच्यावर आहे तिलाच लिहिते आहे.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला तू तिचा व्हिडिओ टीव्हीवर लावलास. छप्पन साली सहा वर्षांची आई बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला कशी गेली, ते तिच्याच तोंडून ऐकून सगळे रडले, अन् कौतुक सुनेचं झालं. मी तो मागितला तर चारचौघांत म्हणालीस, ताई, माझा आयफोन, तुमचा दुसरा, एवढी मोठी फाईल तिकडे येत नाही. मग व्हॉट्सॲपवर जे पाठवलंस त्यात आईचे डोळेही दिसत नाहीत. माझ्या आईचे!

इतवारीतल्या मोबाइलवाल्या रजतला विचारलं तर तो हसला. म्हणे, मावशी, ड्राइव्हवर चढवाले सांगा अन् लिंक मागा, कोणत्याबी फोनवर उतरते. म्हणजे तू मला धडधडीत खोटं सांगितलंस. आठ दिवसांत पूर्ण फाईल आली नाही, तर सुनेनं आईचे शेवटचे शब्द लेकीपासून चोरले, हे मी साऱ्या गोतात सांगेन. मग मिरव.

तुझी नणंद,
पिंकी

बेसा, नागपूर
१७ जानेवारी २०२५

आदरणीय पिंकीताई,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. यांना दाखवलं नाही, उगाच जेवण टाकून बसले असते.

फोनचं कारण खोटं होतं, कबूल. पण टीव्हीवर लावला तोही पूर्ण नव्हता. शेवटची अकरा मिनिटं मी कापली होती. आईच म्हणाल्या होत्या, पिंकीले हे दाखवू नको वं, तिले लागन. तीन वर्षं त्यांचं सगळं मी केलं, तुम्ही सणापुरत्या यायच्या, तरी त्यांचा शब्द मी पाळला. त्याचं बक्षीस म्हणून तुम्ही मला चोर ठरवलंत. आता मीही कशाला पाळू?

लिंक तुमच्या ईमेलवर टाकली आहे. फाईल अकरा जीबीची आहे, वायफायवर उतरवा. अन् मधेच बंद करू नका. पूर्ण हवी होती ना, मग शेवटपर्यंत बघा.

तब्येत सांभाळा.
मेघा

इंदोरा
२० जानेवारी २०२५

मेघा,
जयभीम.

फाईल उतरायला तीन तास लागले. चित्र स्वच्छ आहे, आईच्या हनुवटीवरचं गोंदणसुद्धा दिसतं.

गोष्ट संपल्यावर कॅमेरा चालू आहे हे ती विसरली अन् स्वतःच्या फोनवरून मला लावत बसली. सात वेळा. दर वेळी वाजतो अन् कट होतो. दर वेळी ती तुलाच समजावते की कामात असन वं माही पोरगी.

मी कामात नव्हते. फोन हातातच होता. आई रोज याच वेळी फोन करते, जेवली का, काय खाल्लं, तेच ते विचारते, म्हणून कट करत होते. उद्या बोलू म्हणत होते.

सूड चांगला उगवलास. गोतात मी काही सांगणार नाही, तू सांगितलंस तरी नाही म्हणणार नाही. तुझा नंबर अनब्लॉक केला आहे. वाजला तर उचलेन.

लोभ असावा असं लिहायला आज तोंड नाही.

पिंकी