झिजलेले बर

सोमवार, ४ मार्च

पुन्हा तेच! दाढ कोरताना पेशंट खुर्चीतून उसळला. पाणी चालू होतं, तरी दाढ तापली. ड्रिलच्या तोंडाशी बसवलेला बर काढून पाहिला – टोकाचे हिऱ्याचे कण पार झिजलेले. तो कापत नव्हताच, नुसता घासत होता. बाबा शेजारच्या खुर्चीवर पेशंट बघत होते. तिथूनच म्हणाले, "हात हलका ठेव. मी इतकी वर्षं..." पुढचं मला पाठ आहे.

मंगळवार, ५ मार्च

जुने बर टाकायला काढले. दुपारी बघते तर बाबांनी धुऊन, उकळून परत ट्रेमध्ये!

शुक्रवार, ८ मार्च

हत्यारं विकणारा नव्या बरचे नमुने ठेवून गेला. काढलेल्या दातांवर सगळे चालवून पाहिले. जाड कणांचा डायमंड बर झपाझप जातो, पण ओरखडे सोडतो. शेवटचा हात बारीक कणांच्या डायमंडचा. कार्बाइड बरला पाती असतात – धातू कापायचा तर तोच.

बाबा पेपर वाचत होते. म्हणजे वाचत नव्हते. "एका दाताला एवढी हत्यारं? हौस दांडगी!"

सगळे घेतले.

सोमवार, ११ मार्च

आत्या आली. जुन्या धातूच्या कॅपखाली ठणका. कॅप बाबांनीच बसवलेली. "भावानं बसवली, भावानंच काढावी," म्हणाली. बाबा म्हणाले, "तिच्याकडे बस." कारण नाही सांगितलं.

नवा कार्बाइड लावला. कॅपला उभी चीर दिली, हलकेच उचकटली – दोन तुकडे! आत्या डोळे उघडून, "झालं? मी देव पाण्यात घालून बसले होते की गं!"

बाबांनी तुकडे खिडकीपाशी नेऊन पाहिले. "सरळ कापलंयस."

एवढंच. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

मंगळवार, १२ मार्च

जुने बर बाबांनी स्वतःच फेकून दिले.

गुरुवार, १४ मार्च

सगळे गेल्यावर बाबा खुर्चीत बसले. पेशंटच्या! "खालची दाढ बघ जरा. दुखतेय." त्यांनी आजवर मला कधी तोंडात हात घालू दिला नव्हता. मी बारीक डायमंड लावून तयार ठेवला.

दाढ धडधाकट. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा, मधोमध जखम. बोट लावलं. कडा टणक – साधी जखम अशी नसते.

"कधीपासून?"

"म्हणजे तुलाही दिसलं," बाबा म्हणाले.

बर काढून ठेवला. बाबा खुर्चीतून उठेनात.