दोन ठोक्यांच्या मधला आवाज

४ एप्रिल, शनिवार

आठ मार्चची नोंद चुकीची आहे. तिथे मी लिहिलंय — 'बाबांचं हृदय ऐकलं. दोन ठोके, स्वच्छ. मध्ये काही नाही.'

मध्ये होतं. पहिल्या ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत एक खरखरीत फुसफुस. स्टेथोस्कोप गळ्याकडे सरकवला तर तिथेही. ऐकलं आणि लिहिलं नाही. बाबांनी विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, चालतोय ना पंप?" मी म्हटलं, "एकदम ठीक."

तेवीस मार्चला कामावर असताना ते पंपघराच्या पायऱ्यांवर कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

जुनी नोंद खोडत नाही. ती तशीच राहू दे, माझ्या अक्षरात.

५ एप्रिल, रविवार

का लिहिलं नाही? आदल्याच दिवशी वर्गात मी मैत्रिणीच्या छातीत जास्तीचा आवाज सांगितला होता. बाईंनी ऐकलं — काही नव्हतं. "हिला रिकाम्या घरातही पाहुणे दिसतात," म्हणाल्या. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी खरंच पाहुणा होता, आणि मी दार लावून घेतलं.

७ एप्रिल, मंगळवार

अभ्यासाला बसले. नेमकं रक्ताभिसरणाचं प्रकरण. हे मी कॉलेजात नाही शिकले. आठव्या वर्षी पंपघरात शिकले. बाबा शहराच्या पाणीपुरवठ्याचे पंप चालवायचे. "पाणी आपल्या पायाने कुठे जात नाही, बाई. ढकलावं लागतं." मग माझ्याच पुस्तकातलं चित्र मला समजावलं. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन पंप. उजवा काळपट रक्त फुफ्फुसांत धाडतो. तिथे प्राणवायू भरून ते डाव्याकडे येतं. डावा ते अंगभर पुरवतो. "डाव्याला लांबचा पल्ला, म्हणून त्याची भिंत जाड." चार झडपा, प्रत्येक एकाच दिशेने उघडणारी. पायांतल्या शिरांनाही बारीक झडपा — नाहीतर उभ्या माणसाचं रक्त खालीच साचलं असतं. "काय बांधकाम आहे बघ! आमच्या साहेबांची सही नसताना."

झडप पूर्ण उघडली की पाणी गुपचूप जातं. अर्धवट उघडली की फुसफुसतं. हेही त्यांनीच दाखवलं होतं — स्क्रूड्रायव्हरचं टोक झडपेवर, मूठ माझ्या कानाला. "ऐकलंस? घुसमट होतेय तिची."

त्यांची बिघडलेली झडप डाव्या पंपाच्या तोंडाची असणार. जिन्यात मध्येच थांबून ते चपलेचा पट्टा नीट करायचे. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं.

पुस्तकात आहे, रक्ताचा एक फेरा साधारण मिनिटात पुरा होतो. मी 'ठीक' म्हटल्यापासून पंधरा दिवस. एकवीस हजार सहाशे फेरे. तेवढ्या वेळा मला खरं सांगता आलं असतं.

९ एप्रिल, गुरुवार

आई म्हणते, "मीच पाठवलं गं त्यांना. आज अंग जड वाटतंय म्हणाले, तर मी म्हटलं, उगाच दांडी मारू नका." मी भांडी विसळत होते. विसळत राहिले.

११ एप्रिल, शनिवार

फिटरकाका आले. वीस वर्षं बाबांच्या जोडीला होते. बाबांचा डबा आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आले होते. आई चहा ठेवायला आत गेली तेव्हा म्हणाले, "फेब्रुवारीत तुझ्या बापाने हाच छातीला लावून मला ऐकायला लावलं. मी म्हटलं, गड्या, झडप अडकलीय तुझी. खूप हसलो. पण मला काही ते बरं वाटेना. मागे लागून दहा मार्चची मोठ्या दवाखान्यातली वेळ घ्यायला लावली."

"मग?"

"गेलाच नाही. म्हणाला, लेकीने ऐकलंय, एकदम ठीक म्हणाली. तुझ्या कानावर भरवसा ठेवू का तिच्या?" काका डोळे पुसत हसले. "काय मिरवायचा तुला."

कौतुकाने सांगत होते. चहा आला. मी कप उचलला नाही.

१२ एप्रिल, रविवार

आई स्टेथोस्कोप घेऊन माझ्यापुढे बसली. "माझंही ऐक. तू ठीक म्हणालीस की मला बरं वाटेल."

चारही झडपांच्या जागी ऐकलं. दोन ठोके, स्वच्छ. मध्ये खरंच काही नाही. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मला 'ठीक' म्हणता येईना. "काय गं, काही आहे का?" तिचा चेहरा उतरला. मी नुसती नकारार्थी मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही.

१३ एप्रिल, सोमवार

मोठ्या दवाखान्यात आईसाठी वेळ घेतली. गुरुवार, सोळा एप्रिल, सकाळी दहा. ती ठीक आहे हे तिथले सांगतील. निघण्याआधी, आठ वाजता, ही वही तिच्या हातात देणार — आठ मार्चचं पान उघडून.