डॅडींच्या गिटारीशिवाय

प्रिय डॅडी,

मॉमने पाठवलेला पीचचा मुरांबा पोचला. अर्धी बरणी आपल्या वेडने बसमध्येच संपवली. तुमचा लेक आता ड्रम वाजवायला बसण्याआधी अर्धा तास आरशासमोर असतो. तुम्ही इथे असता तर त्याची चांगलीच हजेरी घेतली असती. पोस्टरवर आता नुसतं ‘स्टॅम्पर’ असतं. ‘स्टॅम्पर फॅमिली बँड’मधले दोन शब्द गेले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, बरं झालं, शाई वाचली. मीही हसले होते.

आपलं गाणं देशभर वाजतंय. पण ते दोन तऱ्हांनी काढलंय, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. गावाकडच्या रेडिओसाठी एक, त्यात तुमची स्टील गिटार आहे. शहरातल्या रेडिओसाठी दुसरं, त्यातून ती काढून टाकली. कंपनीची माणसं म्हणाली, तो रडवा आवाज ऐकला की शहरातली पोरं स्टेशन बदलतात. त्या आवाजावरच मी गायला शिकले, हे त्यांना सांगायला हवं होतं. चर्चच्या जेवणात माझा सूर घसरला की तुम्ही तारांवरची सळई हळूच सरकवून मला सावरून घ्यायचात, आणि लोक म्हणायचे, पोरीचा गळा काय गोड आहे! पण मी मिठाची गुळणी धरून बसले.

परवा वेल्मा आत्याचा फोन आला. पशुखाद्याच्या दुकानात तुम्ही रेडिओ मोठा करायला लावलात म्हणे. गिऱ्हाइकांना गप्प केलंत, आणि कडवं संपत आलं तसं म्हणालात, “थांबा रे, आता मी येतो बघा.” तुम्ही आलाच नाहीत; दुकानात शहरातलं स्टेशन लागलं होतं. गाणं संपून जाहिरात लागली. तेव्हा तुम्ही म्हणालात, “हा रेडिओ बदला आता.” कोंबड्यांचं खाद्य तिथेच विसरून तुम्ही घरी गेलात. त्याच संध्याकाळी तुम्ही मला फोन केलात आणि गाणं झकास वाजतंय एवढंच म्हणालात. आत्याचं ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी मी काय केलं, ते आता ऐका. सोमवारी मॅनेजर तुम्हाला फोन करेल. म्हणेल, नवा दौरा लांबचा आहे, तुमच्या पाठीला सोसायचा नाही, या वेळी घरीच आराम करा. ते खोटं आहे. नव्या कार्यक्रमात स्टील गिटारच नाही. चालेल का, असं मॅनेजरने मला विचारलं तेव्हा वेड खुर्ची ढकलून बाहेर निघून गेला. मी हो म्हणून मान हलवली. तुम्ही मॅनेजरला म्हणाल, बरं झालं बुवा, पाठ दुखतेच आहे. आणि मग मला फोन करून माझीच समजूत घालाल. डॅडी, तेवढं करू नका. पाठीचं नाव काढू नका. तुझी लाज वाटते म्हणा, फोन आपटा, काय वाटेल ते करा, पण या वेळी मला सावरून घेऊ नका.

तुमचीच,
ट्रेसा