पाच सेकंदांची वीज

बुधवार, ४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार, आणि चिऊचा एक गालगुच्चा घे माझ्या वतीने. मी मजेत आहे. प्रशिक्षण केंद्रातलं जेवण बरं आहे, खाट कुरकुरते, आणि शेजारच्या खाटेवरची हवालदारीण झोपेतसुद्धा परेडचे हुकूम सोडते. तुझ्या वाचनालयातली नवी कपाटं आली का? फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसलीय, असं तुझ्या मनात आलंच असेल. सांगते, जरा दम धर.

आधी ते विजेचं पिस्तूल, ज्यासाठी मी एवढी नाचत इथे आले. दिसायला अगदी खेळण्यातलं, पिवळंधमक. चाप ओढला की पुढून दोन काटे सुटतात, माशाच्या गळासारखे, आणि प्रत्येकामागे केसाएवढी तार उलगडत जाते. दोन्ही काटे लागले तरच वीज फिरते. एक हुकला किंवा जाड कोटात अडकला, तर समोरचा माणूस हसत निघून जातो.

आमच्यात एक धिप्पाड शिपाई आहे, त्याला सगळे पहिलवान म्हणतात. त्याने विचारलं, "मास्तर, व्होल्ट किती?" मास्तर म्हणजे आमचे प्रशिक्षक. ते म्हणाले, "व्होल्टचं काय घेऊन बसलास? ते हजारोंनी असतात. प्रवाह मात्र अगदी थोडा, तोही तुकड्यातुकड्याने. तुझा मेंदू स्नायूंना हुकूम देतो ना, तोही विजेच्याच ठोक्यांनी. हे पिस्तूल त्याच भाषेत बोलतं, फक्त तुझ्या मेंदूपेक्षा मोठ्याने."

ताई, मी अवाक झाले. आपण हात उचलतो, पापणी मिटतो, ती सगळी वीजच! इतकी वर्षं हे अंगात घेऊन फिरतेय आणि मला पत्ताच नव्हता.

इथली पद्धत अशी, की ज्याला हे पिस्तूल हवं त्याने आधी स्वतः त्याचा झटका घ्यायचा. पहिलवान मिशीवर ताव देत गादीवर उभा राहिला. दोघांनी दोन्ही दंड धरले. काटे पाठीत लागले आणि आमचा पहिलवान फळीसारखा ताठ! पाचच सेकंद. तोंडातून असा आवाज, की कावळे उडाले. मग उठून बसला आणि म्हणाला, "सगळं ऐकू येत होतं हो. नाकावर माशी बसली होती. हात उचलावा म्हटलं, तर हात माझा नव्हताच." आणि लगेच, "घरी सांगू नका हं, बायको जन्मभर चिडवेल."

आम्ही खो खो हसलो. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "हे दोघे धरायला नसते तर? ताठ झालेल्या माणसाचे हात पुढे येत नाहीत. तो थेट डोक्यावर पडतो. म्हणून जिन्यावरच्या, गच्चीवरच्या, पाण्यातल्या माणसावर हे चालवायचं नाही. अंगावर पेट्रोल सांडलेलं असेल तर ठिणगीने पेटेल. छातीवर नेम धरायचा नाही. झटक्यामागून झटके द्यायचे नाहीत. आणि पाच सेकंदांनंतर बोट काढून आधी बघायचं, माणूस श्वास घेतोय का. याने कोणी मरत नाही असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा."

मला झटका मिळाला नाही, ताई. मिळणारही नाही. पहिलवानाच्या डाव्या दंडाला मी होते. दोन काट्यांच्या मध्ये हात गेला नाही तर धरणाऱ्याला काही होत नाही. त्यामुळे आता सगळ्या तुकडीसाठी मी फक्त धरणारी. पहिल्या दिवशी खोलीत जाऊन खूप रडले.

झटक्याआधी प्रत्येकाच्या हृदयाचा आलेख काढतात. माझा निघाला तशी डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला, पुन्हा काढला, मग मला शेजारी बसवून ती पट्टी दाखवली. प्रत्येक ठोक्याला एक डोंगर, त्याच्यामागे एक टेकडी. म्हणाल्या, "ही टेकडी म्हणजे हृदय पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतंय. तुमचं जरा उशिरा तयार होतं." माझ्याच छातीतली वीज, कागदावर! भीती वाटायला हवी होती, पण मी नुसती बघत राहिले. एवढीशी वीज, आणि जन्मल्यापासून एकदाही सुट्टी नाही.

मग त्यांनी विचारलं, "घरात कोणी अचानक गेलंय? कोणी दचकून बेशुद्ध पडतं?"

मी म्हटलं, वडील गेले, मी लहान असताना. दचकून पडणारं कोणी नाही. आणि दारापर्यंत जाऊन थबकले.

ताई, बाबा गजराच्या घड्याळाने दचकून उठले आणि पुन्हा आडवे झाले, ते तू पाहिलंस. नंतर तू दाराच्या घंटीने पडलीस, शाळेच्या घंटेने पडलीस. सगळे म्हणाले, पोरीच्या मनात भीती बसलीय. भित्री भागूबाई म्हणून आपण सगळे हसलो, तूसुद्धा. म्हणून तर तू शांत वाचनालयातली नोकरी धरलीस, फोनचा आवाज बंद ठेवलास. ती भीती नव्हती गं. अचानक मोठ्या आवाजाने दचकलं, की असं उशिरा तयार होणारं हृदय ताल चुकतं. मी परत जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, खात्री आलेखानेच होईल, पण बहिणीला आधी आणा. तुमच्यापेक्षा तिची घाई आहे.

यावर गोळ्या आहेत. मी सुरू केल्यात. माणसं म्हातारी होईपर्यंत जगतात. पण कळायला हवं. चिऊचाही आलेख काढायचाय, कारण हे आईबापाकडून लेकराकडे येऊ शकतं. "मला काही होत नाही" हे तुझं पालुपद या वेळी चालणार नाही. तुला काही झालं तर मी काय करू? मला खूप भीती वाटतेय, ताई. भागूबाई मीच आहे.

फोन केला नाही तो याचसाठी. तू आवाज बंद ठेवतेस, पण चिऊ तो चालू करून खेळते, आणि मला धोका पत्करायचा नव्हता. भाऊजींना कळवलं असतं, तर घाबरून त्यांनी तुलाच फोन लावला असता. गजराचं घड्याळ आजच उचलून ठेव. दाराच्या घंटीची तार भाऊजींना काढायला सांग.

शनिवारी सकाळी मी तुम्हा दोघींना न्यायला येतेय. दारावर थापसुद्धा मारणार नाही. खिडकीखाली उभी राहून हळूच हाक मारीन, तू सावकाश ये.

तुला धरायला येणारी,
तुझी धाकटी