पिंड नव्हे, स्वादुपिंड

३ जानेवारी, दिग्रस
सहा महिने पोटदुखीवर गॅसच्या गोळ्या गिळल्या. आज सोनोग्राफीत गाठ निघाली. डॉक्टरनं माझ्या नवऱ्यालेच विचारलं, "बाई दारू पितात का?" मी समोर बसली होती, जित्ती! म्हणे, दारूनं स्वादुपिंडात अशा पाण्याच्या गाठी होतात, सुईनं पाणी काढू. 'नाही' म्हणायचं सोडून ह्यांनी मान खाली घातली. शिसारी आली.

१२ जाने., नागपूर
तोंडातून दुर्बीण टाकून गाठीतलं पाणी काढलं. शेंबडासारखं चिकट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे दारूचं नाही. ही गाठच वेगळी, क्वचित सापडते, बायकांतच जास्त. सुईनं भागत नाही. आज कॅन्सर दिसत नाही, पण पुढे होऊ शकतो. स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग काढून टाकू." १० फेब्रु. तारीख. कागद मराठीत लिहून दिला. तेच नडलं.

१३ जाने.
नणंदेनं कागद मोठ्यानं वाचला. सासूबाईनं त्यातलं फक्त 'पिंड' ऐकलं. "तरी म्हटलं! तुह्या सासऱ्याच्या पिंडाले कावळा शिवला नव्हता. तोच पिंड तुह्या पोटात येऊन बसला."
म्हटलं, आई, हा अवयव आहे, साखर सांभाळते.
"अवयवाले शेपूट असते का वो?"
सगळे हसले. हेही.

२८ जाने.
सासूबाईचा हुकूम, आधी पिंडदान, मंग ऑपरेशन. मुहूर्त १० तारखेचाच! शेतकी पदवीवाला माणूस म्हणते, "आईचं मन राहते. ऑपरेशन पंधरा दिवस पुढं गेल्यानं काय होते?" आन् माह्या पोटाचं काय? ह्यांच्या ताटात वाढायचीसुद्धा किळस येऊन राह्यली.

९ फेब्रु., नागपूर
एकटीच बसनं आली. भरती झाली. सिस्टर म्हणे, "नवऱ्याची सही?" पोट माह्यं, सही माही, म्हटलं. ते चालत नाही म्हणे, घरचं कोणीतरी लागते. ह्यांना फोन केला. "सामान आणलं आता, उद्याचं होऊ दे, मंग पाहू." मागून सासूबाई, "तीळ काळेच आणले ना रे?" थूः.
मंग माहेरी, नेरले, आईले फोन केला.

१० फेब्रु., सकाळ
आई पहाटच्या गाडीनं निघाली. तिचा अंगठा चालते म्हणे, पण नवाच्या आत. नाही तर नंबर दुसऱ्याले. मंग पुढची तारीख कधी, कोणी सांगत नाही. साडेआठ झाले. फोन लावला, कुठं आली वो माय?
"पाट्या कुठं वाचता येतात मले. पण लय उंच उंच घरं लागून राह्यले, बाई."